ट्रंकेतला फोटो, कॉव्हेंट्रीची गाडी आणि कोटाआड गेलेलं एक अक्षर

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. सांगलीचं घर आवरायला काढलंय. आजोबांच्या लोखंडी ट्रंकेत, लोकरी मफलरच्या घडीत एक फोटो सापडला. तळहाताएवढा, कृष्णधवल, कडा नक्षीदार कातरलेल्या. आजोबा पंचविशीतले, अंगात पोटरीपर्यंतचा ओव्हरकोट, एक हात गाडीच्या मडगार्डवर. गाडी दोघांची, बिनटपाची, फिकट रंगाची. मागे घोड्यावर बसलेल्या कुणाचा तरी पुतळा आणि त्यामागे अर्धवट बांधलेली इमारत. फोटोच्या पाठीवर आजोबांच्या अक्षरात 'कॉव्हेंट्री, १९५३'.

आजोबा १९५३ च्या पावसाळ्यात बोटीने विलायतेला गेले. कॉव्हेंट्रीत आल्फ्रेड हर्बर्टच्या कारखान्यात मशीन टूलचं काम शिकले आणि १९५६ मध्ये परत आले. घरात या गाडीला सगळे 'आजोबांची एमजी' म्हणत. पण आई म्हणते की गाडी त्यांची नव्हतीच, तेवढे पैसे कुठले? आजोबांना जाऊन आता वीस वर्षं होऊन गेली, विचारायला कुणी नाही.

मला तीन गोष्टी हव्या आहेत. गाडी कोणती, कुणाची, आणि ती आज कुठे आहे का? पुढच्या पाटीवरचं पहिलं अक्षर कोटाच्या पदराआड गेलंय. त्यापुढे 'केव्ही' आणि तीन आकडे स्वच्छ दिसतात. मोबाइलवर काढलेला फोटो खाली जोडते.

मिडलँड्सकर

ताई, फोटो बघून अंगावर काटा आला. मी वीस वर्षं इथेच, लेमिंग्टनला राहतो. कॉव्हेंट्री अर्ध्या तासावर. तो पुतळा लेडी गोदायव्हाचा. ब्रॉडगेट चौकातला, १९४९ च्या ऑक्टोबरमध्ये अनावरण झालेला. रोज ऑफिसला जाताना बघतो.

गाडी एमजी नाही. त्या काळच्या टी मालिकेतल्या एमजी, म्हणजे टीसी, टीडी, टीएफ, यांना पुढे उभं रेडिएटरचं जाळीदार तोंड असतं आणि मडगार्ड अंगापासून सुटे, पंखांसारखे. तुमच्या फोटोत तोंड म्हणजे नुसतं आडवं भोक आहे आणि जाळी त्या भोकात खोल आत बसलेली. दिवे मडगार्डच्या वर डोळे वटारल्यासारखे. दाराची वरची कड कोपर टेकवता येईल अशी खाली उतरलेली, बाहेरून मूठ नाही. ही ट्रायम्फ टीआर२. जाळी पुढे, तोंडाशी आली की ती टीआर३, १९५५ च्या शेवटी आलेली. जाळी रुंद झाली आणि दाराला मुठी आल्या की टीआर३ए.

टीआर२ कॉव्हेंट्रीतच, कॅनलीच्या कारखान्यात बनायची. १९५३ ते ५५ या काळात फक्त ८,६३६ गाड्या, त्यातल्या साधारण दोन तृतीयांश परदेशात गेल्या. म्हणजे इंग्लंडच्या रस्त्यावरची त्या वेळची टीआर२ ही आधीच मोजकी गोष्ट.

अंधारखोली

एक विनंती आधी. मोबाइलने फोटोचा फोटो काढू नका. छापील प्रत सपाट स्कॅनरवर १२०० डीपीआयला, करड्या रंगछटेत, 'सुधारणा' नावाची सगळी बटणं बंद ठेवून स्कॅन करा. आणि मफलरच्या घडीत, ट्रंकेच्या कागदाखाली, जुन्या पाकिटांत निगेटिव्ह शोधा. फोटोचा आकार पाहता हा १२० रोलच्या निगेटिव्हवरून थेट टेकवून काढलेला ठसा वाटतो. म्हणजे निगेटिव्ह एवढीच मोठी असणार आणि तिच्यात तुम्हाला कागदावर दिसतंय त्याच्या कितीतरी पट माहिती असणार.

पाठीमागचाही स्कॅन टाका. लोक नेहमी पाठ विसरतात.

जुना_फिटर

टीआर२ बघितली आणि हात शिवशिवले. ही गाडी कधी हाताखाली आली नाही, पण तिचं इंजिन आलंय. ते मुळात स्टँडर्ड व्हॅनगार्डचं. व्हॅनगार्ड मद्रासला जुळवली जायची आणि पुण्यात मी शिकाऊ होतो तेव्हा आमच्या उस्तादांकडे दोन यायच्या. ओल्या लायनरचं इंजिन, म्हणजे सिलिंडरची आतली नळी सुटी. लायनर हाताने उपसून काढायचा, नवा घालायचा, रिबोअरची, म्हणजे सिलिंडर पुन्हा कातायची कटकट नाही. व्हॅनगार्डचा बोअर, म्हणजे सिलिंडरची रुंदी, ८५ मिलिमीटर, म्हणजे २०८८ सीसी. टीआर२ मध्ये ८३ चा केला, स्ट्रोक, म्हणजे दट्ट्याची धाव, तोच ९२, झालं १९९१ सीसी. दोन लिटरच्या गटात शर्यतीला बसावी म्हणून. हेच घराणं फर्ग्युसन ट्रॅक्टरमध्येही. दिसायला राजकन्या, छातीत ट्रॅक्टर. म्हणूनच टिकल्या.

बाई, एक विचारतो. डावीकडचं दार मोठं करून दाखवा. खालची कड कुठवर आहे?

कृष्णाकाठ

काका, बाई नका म्हणू, नातीच्या वयाची आहे :) अंधारखोली, निगेटिव्ह सापडली! ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवलेल्या कागदी खिशात, मेणकागदात गुंडाळलेली. शहरातल्या फोटो स्टुडिओत एका आजोबांनी खास काढून ठेवलेल्या जुन्या स्कॅनरवर करून दिली. चार भाग टाकते. पाटी, दार, मागची इमारत, बंपर. आणि फोटोची पाठ.

दाराची खालची कड पार तळापर्यंत आहे काका. दाराखाली गाडीचा पत्रा दिसतच नाही, थेट सावली. आणि मागचा खालचा कोपरा किंचित वर दुमडलाय, वहीचं पान दुमडावं तसा.

जुना_फिटर

बरं, नातीसारखी तर नातीसारखी. ऐक मग. तो दुमडलेला कोपरा म्हणजे या गाडीची जन्मखूण आहे.

सुरुवातीच्या टीआर२ ला लांब दारं होती, तळापर्यंत जाणारी. गाडी बुटकी. विलायतेत फुटपाथच्या कडेला लावून डावीकडचं दार उघडलं की उंच फुटपाथवर दाराचा मागचा कोपरा घासायचा, अडकायचा, दुमडायचा. दाराच्या बिजागऱ्या पुढे, म्हणजे मागचाच कोपरा फुटपाथवर झेपावणार. तक्रारी आल्या, मग १९५४ च्या शरद ऋतूत दारं आखूड केली आणि खाली पत्र्याची पट्टी दिली. आखूड दाराची पहिली गाडी टीएस ४००२ क्रमांकाची. तुझ्या फोटोतली त्याच्या आधीची. हे पुस्तकात वाचलेलं आहे, डोळ्यांनी आज बघतोय.

मिडलँड्सकर

काका, दंडवत. आता नंबराकडे येतो.

ब्रिटनमध्ये १९०४ पासून नंबर स्थानिक मंडळं द्यायची. शेवटची दोन अक्षरं त्या मंडळाची. डीयू, एचपी, केव्ही, आरडब्ल्यू, व्हीसी, डब्ल्यूके ही सगळी कॉव्हेंट्रीची. जॅग्वार ई-टाइपचा प्रसिद्ध नंबर '९६०० एचपी' पाहून लोकांना ती अश्वशक्ती वाटते, पण तो साधा कॉव्हेंट्रीचा नंबर आहे. '७७ आरडब्ल्यू' ही तिची भावंडही कॉव्हेंट्रीचीच. तीन अक्षरांत पहिलं अक्षर क्रमाने पुढे सरकतं. एक मालिका ९९९ ला संपली की पुढची.

म्हणून कोटाआडचं अक्षर हीच आपली तारीख. केव्हीच्या दोन खुंट्या मला पक्क्या माहीत आहेत. १९५४ च्या जूनमध्ये फ्रान्समधल्या ल मॉंच्या चोवीस तासांच्या शर्यतीत जॅग्वारच्या तीन डी-टाइप धावल्या, नंबर ओकेव्ही १, २ आणि ३. त्याच शर्यतीत एका हौशी माणसाने स्वतःची टीआर२ उतरवली होती, ओकेव्ही ७७७, पंधरावी आली. पुढच्या वर्षी, १९५५ च्या जूनमध्ये, ट्रायम्फ कंपनीने स्वतःच्या तीन टीआर२ धाडल्या, पीकेव्ही ३७४, ३७५, ३७६. म्हणजे 'ओ' असेल तर १९५४ च्या मध्याच्या आसपास, 'पी' असेल तर १९५५. 'एन' असेल तर त्याही आधी.

लांब दार पाहता 'पी' अवघड. मग 'एन' की 'ओ'?

अंधारखोली

'ओ'. पाटीचा स्कॅन चारशे टक्के मोठा करून पाहा. कोटाची कड अक्षराचा डावा अर्धा भाग झाकते, उजव्या अर्ध्याची चंद्रकोर उरते. ती कोर वरून निघून खालपर्यंत गोल येते. 'पी' असता तर खालचा भाग मोकळा दिसला असता, 'एन' असता तर सरळ उभी रेघ. मी उजेड-अंधार बदलून तीनदा पाहिलं. गोलच आहे.

आता पाठ. 'कॉव्हेंट्री, १९५३' हे बॉलपेनने लिहिलंय. अक्षराच्या वळणावर शाईचे बारीक ठिपके जमलेत आणि मधे रेघ कोरडी झालीय, दौतीच्या पेनाची रेघ अशी नसते. ताई, आजोबांची त्या काळातली पत्रं कशाने लिहिलेली आहेत?

कृष्णाकाठ

सगळी दौतीच्या पेनाने, निळ्याकाळ्या शाईत. आई म्हणते बॉलपेन आजोबांनी फार उशिरा हातात घेतलं, तेही बँकेच्या स्लिपा भरायला. म्हणजे हे नंतर, आठवणीतून लिहिलं. विलायतेला गेल्याचं साल फोटोला चिकटलं.

रानजाई

वाचनखूण साठवली. गाडीतलं मला काही कळत नाही, पण पेनाच्या रेघेवरून साल हलवलेलं वाचून चहा गार झाला.

मिडलँड्सकर

इमारतीने तर शिक्कामोर्तबच केलं. पुतळ्यामागे लोखंडी पाइपांची परांची दिसते. मी आज दुपारी मुद्दाम जाऊन त्याच कोनात उभा राहिलो. ती जागा हॉटेल लिओफ्रिकची. युद्धात, १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री, शहराचा हा मधला भाग बॉम्बहल्ल्यात जळून गेला होता आणि पन्नाशीच्या दशकात सगळं नव्याने उभं राहत होतं. लिओफ्रिक उघडलं १९५५ मध्ये. फोटोत वरच्या मजल्यांच्या खिडक्यांना काचा नाहीत. गाडीची नोंदणी १९५४ च्या मध्याच्या आसपास, अंगात जाड ओव्हरकोट, मागे परांची. तर हा १९५४-५५ चा हिवाळा.

फोटो काढणारा फुटपाथवर उभा होता, म्हणून डावं दार दिसतंय. आणि आजोबा पलीकडे, रस्त्याच्या बाजूला, म्हणजे चालकाच्या बाजूला उभे आहेत.

चौथा_गिअर

उत्साहाला आवर घालायचा नाही, पण एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. नंबर म्हणजे गाडी नव्हे.

ब्रिटनमध्ये नंबर जन्मभर गाडीबरोबर राहतो हे खरं. पण तो काढून दुसऱ्या गाडीवर लावताही येतो आणि देखण्या नंबरांची खरेदी-विक्री जोरात चालते. वर १९७४ पासून नोंदी स्वान्सीच्या मध्यवर्ती संगणकावर जाऊ लागल्या. ज्यांनी १९८३ पर्यंत आपली गाडी त्यात चढवली नाही त्यांचे नंबर रद्द झाले. गोठ्यात, गॅरेजात पडलेल्या हजारो गाड्या अशा निनावी झाल्या. नंतर जुना पुरावा दाखवून नंबर परत मिळवायची सोय झाली आणि त्या पुराव्यात जुना फोटो मोलाचा ठरतो. ज्या फोटोत पाटी आणि गाडी दोन्ही एकत्र दिसतात, तो म्हणजे सोनं.

पण म्हणूनच फसवणूकही होते. एका गाडीची चासी, दुसरीची पाटी, तिसरीचं इंजिन, आणि दोन माणसं एकाच नावावर हक्क सांगतात. पैसाच तेवढा आहे. १९५५ च्या ल मॉंच्या भीषण अपघातात सापडलेली ऑस्टिन-हीली १००एस, नंबर एनओजे ३९३, ओजे म्हणजे बर्मिंगहॅम, २०११ मध्ये लिलावात ८ लाख ४३ हजार पौंडांना गेली. त्या दिवशी ऐंशीहून अधिक माणसं मेली. तसल्या गाडीची ओळख चुकली तर ती नुसती पैशांची चूक राहत नाही.

म्हणून फोटोतून नंबरापलीकडचं काहीतरी हवं. ओरखडा, जादा भोक, वेडावाकडा बसवलेला दिवा, हाताने केलेली दुरुस्ती. जी गोष्ट कारखान्याने केली नाही, ती त्या एकाच गाडीची. ९६०० एचपी घ्या. १९६१ च्या मार्चमध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनासाठी बॉब बेरींनी ती कॉव्हेंट्रीहून रात्रभर हाकत नेली होती. नंतर ती साधी जुनी गाडी म्हणून हातोहात फिरली. १९७७ मध्ये फिलिप पोर्टर यांनी घेतली आणि तिची दुरुस्ती व्हायला २००० साल उजाडलं. अशा गाडीची मालिकेतल्या गाड्यांपेक्षा वेगळी असलेली प्रत्येक बारीक गोष्ट जुन्या फोटोंशी ताडून बघावी लागते.

जुना_फिटर

चौथा गिअर, मान्य. आणि माझ्या मते तो दुमडलेला कोपरा हीच तुम्ही म्हणता ती गोष्ट. पत्रा एकदा असा दुमडला की सरळ केला तरी आतून कळतो. हातोडीचे ठोके, झाळ, शिसं, काहीतरी राहतंच. वरून कितीही रंग मारा.

आपल्याकडे मात्र हा माग असा निघत नाही. गाडी दुसऱ्या राज्यात गेली की नंबर बदलला. बीएमवाय नाहीतर बीएमझेड पाटीची मुंबईची गाडी म्हैसूरला गेली, तिथला नंबर लागला, कागद सुटला, गोष्ट तुटली. इथे चासी नंबराशिवाय तरणोपाय नाही आणि चासी नंबर फोटोत कधी येत नाही. त्यामुळे इकडच्या लोकांनो, घरच्या जुन्या गाडीचा फोटो असेल तर जोडीला नोंदणीची वही, विम्याची पावती, पेट्रोलच्या रेशनचं कार्ड, काही म्हणजे काही टाकू नका.

पारिजातक

थोडं अवांतर. आमच्या चुलत आजोबांकडे मुंबईत खरीखुरी एमजी टीसी होती, उंच बारीक तारांच्या चाकांची. चासी नंबर वहीत लिहून ठेवलाय. त्यावरून काही कळेल का?

मिडलँड्सकर

नक्की कळेल. टीसी १९४५ ते ४९, साधारण १०,००० गाड्या, सगळ्या उजव्या हाताच्या, त्यामुळे मुंबईत जशीच्या तशी चालली. क्रमांक ०२५१ पासून सुरू होतात, कारण ॲबिंग्डनच्या कारखान्याचा टेलिफोन नंबर २५१ होता. तुमच्या नंबरातून २५० वजा करा, कितवी गाडी ते कळलं. एमजी कार क्लब १९३० पासूनचा आहे, त्यांच्याकडे टी मालिकेचे जाणकार आहेत. वेगळा धागा काढा, मी येतो तिथे.

मूळ विषयावर. मी ओकेव्ही आणि ते तीन आकडे सरकारच्या वाहन तपासणीच्या संकेतस्थळावर घातले. फुकट आहे, कुणीही करू शकतं. उत्तर आलं: ट्रायम्फ. पहिली नोंदणी १९५४. १९९१ सीसी. रंग लाल. आणि कर चालू आहे.

ताई, गाडी जिवंत आहे.

पूर्ण नंबर आता इथे कुणी लिहू नका आणि ताई, पाटीचा स्कॅन काढून टाका. ती आज कुणाच्या तरी घरी उभी आहे.

कृष्णाकाठ

काढला. आईला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, उठून देवाजवळ दिवा लावला.

पण लाल? फोटोत तर फिकट दिसते. आणि आजोबांच्या एका पत्रात, आजीला नव्हे, लग्नाआधीचं, त्यांच्या धाकट्या भावाला लिहिलेलं, हे वाक्य आहे: 'बाईंच्या मुलाने घेतलेली गाडी आकाशी रंगाची आहे व रविवारी तो मला पुढे बसवून नेतो.' बाई म्हणजे घरमालकीण. आजोबा अर्ल्सडन भागात एका घरात भाड्याच्या खोलीत राहायचे.

अंधारखोली

लाल रंग त्या वेळच्या सर्ववर्णी फिल्मवर मध्यम ते गडद करडा येतो. तुमच्या निगेटिव्हच्या स्कॅनमध्ये मडगार्ड पुतळ्याच्या दगडी चौथऱ्याहूनही उजळ आहे. ही गाडी तेव्हा लाल नव्हती, फिकट निळी किंवा पांढरट होती. नंतर रंगवली.

आणि बंपर पाहिलात का कुणी? आपण सगळे पाटीवर डोळे लावून बसलो. बंपरच्या खाली, पाटीच्या उजव्या हाताला, दोरीने बांधलेला पांढरा चौकोन आहे. त्यावर गडद 'एल'.

मिडलँड्सकर

शिकाऊची पाटी! इथे १९३५ पासून सक्तीची. चालवायला शिकणारा माणूस चाकावर बसला की पुढे-मागे लावायची. मालकाला स्वतःला येत असणार, पत्रात लिहिलंय ना, तो 'मला पुढे बसवून नेतो'. मग शिकत कोण होतं?

कृष्णाकाठ

आजोबांनी आयुष्यभर सायकल आणि एसटी सोडून काही चालवलं नाही. आम्हा सगळ्यांची समजूत की त्यांना गाडी येत नव्हती. आई आत्ता म्हणाली, 'एकदा मिरजेच्या फाटकाजवळ डॉक्टरांची गाडी बंद पडली होती, तेव्हा अण्णांनी ती चालवत दवाखान्यापर्यंत आणली होती. मी लहान होते. मला वाटलं ढकलत आणली असेल.'

मिडलँड्सकर

पुढची पायरी सांगतो, इतरांनाही उपयोगी पडेल. मालकाचं नाव सरकार असं सहज देत नाही आणि देऊही नये. टीआर गाड्यांचा एक क्लब आहे, टीआर रजिस्टर, १९७० मध्ये स्थापन झालेला. त्यांना फोटोसह पत्र लिहिलं आणि गाडी त्यांच्या सभासदाची असेल तर त्याला पोचवा अशी विनंती केली. नाव आपल्याला नको, पत्र पोचलं की झालं. कारखान्याच्या मूळ नोंदी गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमच्या दप्तरात आहेत. गाडी कधी बनली, मूळ रंग कोणता, कुठल्या विक्रेत्याकडे गेली याचा दाखला तिथून मिळतो, पण त्यासाठी गाडीवरचा कमिशन क्रमांक, म्हणजे कारखान्याने तिला दिलेला क्रमांक, लागतो आणि तो मालकाकडेच असणार. मंडळांच्या जुन्या नोंदवह्यांपैकी बऱ्याच रद्दीत गेल्या. उरलेल्यांचा मोठा साठा ड्रॉइटविचच्या किटहेड ट्रस्टने जपला.

आता वाट बघू.

चौथा_गिअर

पत्रात दाराच्या कोपऱ्याचा उल्लेख करू नका. मालकाला आधी सांगितलं तर त्याला तो दिसणारच. फक्त विचारा, डाव्या दाराला कधी दुरुस्ती झाली होती का.

मिडलँड्सकर

बरोबर. पत्र बदललं.

रानजाई

रोज सकाळी पहिला हाच धागा उघडते.

जुना_फिटर

वाट बघताना एक किस्सा. याच टीआर२ ची आद्य गाडी, एमव्हीसी ५७५, व्हीसी म्हणजे पुन्हा कॉव्हेंट्रीच, २० मे १९५३ रोजी बेल्जियमच्या याब्बेक रस्त्यावर केन रिचर्डसन यांनी ताशी जवळजवळ १२५ मैल पळवली. मागची चाकं पत्र्याने झाकलेली, मोठी काच काढून चालकापुढे वीतभर काच, शेजारची बाजू झाकणाने बंद. त्या दिवसाच्या फोटोंत हे सगळं दिसतं. पुढे ती गाडीही अशीच विस्मरणात गेली, सुटी झाली, आणि २०१७ मध्ये पुन्हा तशीच उभी राहिली. सुट्या भागांच्या ढिगातून गाडी जोडणाऱ्याला फोटो लागतोच. मी स्वतः एक हिलमन जोडलीय, मालकाच्या लग्नाच्या अल्बमवरून.

मिडलँड्सकर

तीन आठवडे झाले. आज उत्तर आलं.

मालक डर्बीशायरमधले निवृत्त गृहस्थ आहेत. १९८५ मध्ये त्यांनी गाडी घेतली तेव्हा ती एका शेतावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये होती. ८७ मध्ये सगळा रंग उतरवून नव्याने केली. त्या कामाचे त्यांनी फोटो काढून ठेवले होते, त्यातले सहा पाठवलेत. त्यांच्या परवानगीने दोन इथे लावतो.

पहिला फोटो डाव्या दाराचा, रंग उतरवल्यावर, नुसता पत्रा. मागच्या खालच्या कोपऱ्यात तळव्याएवढा भाग वेगळा दिसतो. पितळेची झाळ, पिवळसर रेघ तिरकी वर गेलेली. त्यांनी लिहिलंय, 'आधीच्या कुणीतरी केलेली दुरुस्ती होती, चांगली वाटली, म्हणून तशीच ठेवली.'

दुसरा, त्याच दाराचं आतलं अस्तर काढल्यावरचा. आतल्या पत्र्यावर कारखान्याचा रंग शाबूत आहे. फिकट निळा. गेडनच्या दाखल्यातही मूळ रंग तोच, आइस ब्लू.

जुना_फिटर

रेघ तिरकी वर गेलीय ना, ती दुमडीचीच रेघ. कृष्णाकाठच्या स्कॅनवर ट्रेसिंग कागद ठेवून बघितलं. कोन जुळतो. माझ्यापुरता निकाल लागला.

चौथा_गिअर

माझ्यापुरताही. नंबर, लांब दार, रंग आणि दुरुस्ती, चारही एकाच गाडीकडे बोट दाखवतात. अभिनंदन ताई.

मिडलँड्सकर

अजून आहे. त्यांच्याकडे गाडीची जुनी नोंदणी पुस्तिका आहे, १९७४ च्या आधीची, मालकांची नावं एकाखाली एक लिहिलेली, प्रत्येक नावापुढे मंडळाचा शिक्का. पहिल्या मालकाचा पत्ता अर्ल्सडनचा. ताई, तुम्हाला व्यनि (खाजगी निरोप) केलाय. आजोबांच्या पत्रांवरचा पत्ता ताडून बघा.

कृष्णाकाठ

तोच आहे. घराचा नंबरही तोच.

दोन दिवस काही लिहायला सुचलं नाही. मालकांना आईने स्वतः पत्र लिहिलं, मराठीत, मी खाली इंग्रजी करून दिलं. त्यांचं उत्तर कालच आलं. पस्तीसपेक्षा जास्त वर्षं गाडी त्यांच्याकडे आहे, पण त्यांच्या आधीच्या काळातला एकही फोटो त्यांना कधी मिळाला नव्हता. पहिल्या मालकाचं नाव होतं, चेहरा नव्हता. आमच्या निगेटिव्हमध्ये मागच्या बाजूला, पुतळ्याच्या चौथऱ्याशी, हात कोटाच्या खिशात घालून हसणारा एक उंच तरुण आहे. तो पहिला मालक असेल का, असं त्यांनी विचारलंय. आम्ही तिघांनी तो भाग मोठा करून पाहिला. तो गाडीकडे बघत नाहीये, आजोबांकडे बघतोय.

निगेटिव्हवरून दोन मोठ्या प्रती केल्या. एक त्यांना पाठवली, ते ती गाडीच्या फायलीत लावणार आहेत. दुसरी आमच्याकडे दिवाणखान्यात. मूळ छोटा फोटो परत मफलरच्या घडीत ठेवला. पाठीवरचं 'कॉव्हेंट्री, १९५३' खोडू का, असं आईला विचारलं. नको म्हणाली, अण्णांचं अक्षर आहे. त्याखाली पेन्सिलीने लिहिलं: 'हिवाळा १९५४-५५. गाडी ट्रायम्फ टीआर२, आकाशी. अण्णा चालवायला शिकत होते.'